काखेत गाठ, काटा बोटात

अंगावरच्या गाठी, हातापायांची सूज आणि हत्तीरोग यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे वेगवेगळ्या गावांची आहेत, तक्रारीही वेगळ्या आहेत, पण सगळ्यांचा माग एकाच जाळ्याकडे जातो: लसिकावाहिन्यांच्या. पेशींमध्ये झिरपलेला द्रव, म्हणजे लसिका (लिम्फ), रक्तात परत नेणाऱ्या या बारीक नळ्या.

प्रश्न : शेतात पायाला काटा मोडला आणि अंगठ्याजवळ पिकले. तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ आली. आई म्हणते अवधाण आले, डॉक्टर म्हणतात लिम्फ नोड सुजला. गाठ फोडून घ्यावी का? (एक वाचक, परभणी)

आईंचेही बरोबर आणि डॉक्टरांचेही. हातापायाला जखम झाली की काखेत किंवा जांघेत जी गाठ उठते तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात, आणि ती गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. नाव ग्रंथी असले तरी तिच्यातून कुठला स्राव होत नाही. ती गाळणी आहे, घेवड्याच्या दाण्यासारखी. शरीरात अशा साधारण ५०० ते ६०० असतात आणि बहुतेक मान, काख, जांघ, छाती व पोट इथे घोसाघोसाने असतात.

प्रत्येक घोसाचा पाणलोट ठरलेला आहे. जांघेतल्या गाठींकडे पाय, कुल्ला, बेंबीखालची पोटाची त्वचा, बाहेरची जननेंद्रिये आणि गुदद्वाराचा शेवटचा भाग इथली लसिका येते. वृषणाची मात्र येत नाही. ती थेट पोटात, महारोहिणी या शरीरातल्या सर्वांत मोठ्या धमनीशेजारच्या गाठींकडे जाते, कारण गर्भावस्थेत वृषण तिथेच तयार होऊन खाली उतरतात. म्हणून जांघेत गाठ दिसली की नख, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, कुल्ल्यावरचे केसतोड असे सगळे तपासायचे. गाठ तक्रार घेऊन आलेली असते, दुखणे तिच्या पाणलोटात असते.

गाठ फोडू नका. जंतू तिथे अडवले गेले आहेत, पांढऱ्या पेशी तिथे वाढत आहेत, आवरण ताणले गेले म्हणून ती दुखते आहे. उपचार पायाचा करायचा. काट्याचा तुकडा आत राहिला आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या, पू असेल तर तो काढून घ्या, धनुर्वाताची लस झालेली नसेल तर घ्या, प्रतिजैविक दिले असेल तर पूर्ण करा. गाठ चोळू नका. चुना-गुळाचा लेप लावू नका, चुन्याने कातडी भाजते. जखम भरल्यावरही गाठ पूर्ण बसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढ्याने घाबरायचे कारण नाही.

दोन लक्षणांत मात्र थांबायचे नाही. जखमेपासून जांघेकडे लाल रेघ चढताना दिसली आणि थंडी वाजून ताप आला, तर लसिकावाहिनीच पेटली आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गाठ मऊ पडून तिच्यावरची कातडी लाल, चकचकीत झाली, तर आत पू झाला आहे. तो डॉक्टरच काढतील.

मुंबईत १८९६ मध्ये आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला तेव्हा लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. पिसू चावलेल्या जागेजवळची लसिकाग्रंथी सुजत असे आणि पिसवा पायांनाच जास्त चावत, म्हणून गाठ बहुधा जांघेत यायची.

प्रश्न : लसिका म्हणजे नेमके काय? हृदय रक्त ढकलते, मग लसिका कोण ढकलते? (अकरावीची विद्यार्थिनी, सातारा)

रक्तकेशिकांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंती पूर्ण बंद नसतात. त्यांतून पाणी, क्षार, साखर आणि थोडी प्रथिने सतत बाहेर पेशींमध्ये झिरपतात. सगळे पाणी काही परत रक्तात ओढले जात नाही. मागे राहिलेले, दिवसाला साधारण तीन लिटर, आणि त्याबरोबरची प्रथिने लसिकावाहिन्या उचलतात. शरीरातले सगळे रक्त पाच लिटरच्या आसपास आणि त्यातला द्रव सुमारे तीन लिटर. म्हणजे जवळजवळ तेवढाच द्रव रोज या आडवाटेने रक्तात परत येतो. तो परत आला नाही तर अंगावर सूज चढेल आणि रक्ताचे आकारमान घटेल. प्रथिनांची गोष्ट याहून महत्त्वाची. मोठे रेणू केशिकांत परत शिरू शकत नाहीत, त्यांना लसिकेखेरीज दुसरी वाटच नाही.

या वाहिन्यांची सुरुवात एका टोकाला बंद असते. भिंतीतल्या पेशींच्या कडा घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बाहेरून बारीक धाग्यांनी भोवतालच्या ऊतींना बांधलेल्या असतात. ऊतींत पाणी वाढले की धागे ताणले जातात, कौले उघडतात, पाणी आत येते. आतला दाब वाढला की कडा मिटतात. पुढे वाहिन्या जाड होतात, त्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा येतात, आणि दोन झडपांमधला तुकडा स्वतःच मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतो. एवढ्यावर भागत नाही. चालताना पोटरीचे स्नायू वाहिन्यांना पिळतात, श्वास घेताना छातीतला दाब उतरून लसिका वर ओढली जाते, शेजारच्या धमनीचा ठोकाही तिला रेटतो. एसटीत आठ-दहा तास पाय लोंबते ठेवून बसलात की उतरताना चपलेचा पट्टा रुततो तो पोटरी स्वस्थ बसल्यामुळेच. दर तासाला पंजे वर-खाली वीस-पंचवीस वेळा हलवा, फरक दिसेल.

दोन्ही पाय, पोट, डावा हात, डावी छाती आणि डोक्या-मानेची डावी बाजू यांची लसिका एकाच मोठ्या नळीत येते. ही वक्षनलिका सुमारे ४० सेंटिमीटर लांब असते. पोटात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी ती सुरू होते, महारोहिणीबरोबर श्वासपटलातून छातीत चढते आणि डाव्या हासळीच्या मागे, मानेची व हाताची शीर जिथे मिळतात तिथे रक्तात रिकामी होते. उजवा हात, उजवी छाती आणि डोक्याची उजवी बाजू यांची नळी वेगळी, जेमतेम एक सेंटिमीटरची. हा असमान वाटा लक्षात ठेवा, शेवटच्या पत्रात तो लागणार आहे.

आतड्यातल्या लसिकावाहिन्यांना आणखी एक काम आहे. जेवणातल्या लांब साखळीच्या स्निग्धाम्लांचे कण रक्तकेशिकांत मावत नाहीत, ते लसिकेतून जातात. त्यामुळे तेलातुपाच्या जेवणानंतर आतड्याची लसिका दुधासारखी पांढरी होते. १६२२ मध्ये इटलीत गास्पारो असेल्ली या वैद्यकाला नुकतेच जेवण झालेल्या कुत्र्याच्या पोटात पांढऱ्या रेघा दिसल्या त्या याच. कुत्रा उपाशी असता तर त्या दिसल्या नसत्या. डोळ्याचे बुबुळ, कूर्चा आणि त्वचेचा वरचा थर यांत लसिकावाहिन्या नाहीत. मेंदूच्या आवरणांतल्या वाहिन्यांवर तर २०१५ नंतरच शिक्कामोर्तब झाले, त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकात वेगळे लिहिलेले सापडेल.

प्रश्न : बाळाला जन्मानंतर बीसीजी दिली. आता तिसऱ्या महिन्यात डाव्या काखेत वाटाण्याएवढी गाठ लागते. बाळ खेळते आहे. (एक आई, कल्याण)

बीसीजी ही क्षयाविरुद्धची लस डाव्या दंडावर देतात आणि त्या दंडाची लसिका डाव्या काखेत येते, म्हणून गाठही डाव्याच काखेत. बाळाला ताप नसेल, वजन वाढत असेल आणि गाठ लहान, घट्ट, न दुखणारी असेल तर औषध लागत नाही, काही महिन्यांत ती आपोआप बसते. शेकू नका, दाबू नका. गाठ मोठी होत गेली, मऊ पडली किंवा फुटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पू झाल्यास तो सुईने ओढून काढतात. चिरा दिल्यास जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला दोन-तीन बारीक गाठी सहा महिन्यांपासून आहेत. शेजारी म्हणतात गंडमाळ आहे, टीबी आहे. (एक पालक, बीड)

मानेवर मागे, केसांच्या रेषेला लागून गाठी असतील तर पहिली तपासणी घरीच करा. मुलीला उजेडात बसवून बारीक फणीने केस विंचरा. उवा, लिखा, खाजवून झालेले फोड, कोंड्याखालची पिकलेली कातडी यांपैकी काही ना काही बहुतेक वेळा सापडते. डोक्याच्या कातडीच्या मागच्या भागाची लसिका याच गाठींकडे येते. उवांचे औषध लावा, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण लिखांतून नव्या उवा त्या काळात बाहेर येतात, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा.

लहान मुलांच्या मानेत एक सेंटिमीटरपर्यंतच्या, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी लागणे अगदी नेहमीचे आहे. दर सर्दीला, घसादुखीला त्या फुगतात आणि सावकाश उतरतात.

क्षयाच्या गाठींची चाल वेगळी असते. त्या बहुधा मानेच्या एका बाजूला, दोन सेंटिमीटरहून मोठ्या, एकमेकींना चिकटून पुंजका झालेल्या आणि फारशा न दुखणाऱ्या असतात. पुढे मऊ पडून फुटतात आणि जखम वाहत राहते. सोबत संध्याकाळचा ताप, वजन न वाढणे किंवा घरात कोणाला क्षय झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर गाठीत सुई घालून पाणी काढतात आणि त्याची पेशीतपासणी व सीबीनॅट, म्हणजे क्षयजंतू शोधणारी चाचणी, करतात. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. उपचार साधारण सहा महिन्यांचा. मधल्या काळात गाठ उलट मोठी होऊ शकते किंवा शेजारी नवी उठू शकते. मरणाऱ्या जंतूंवर शरीर जोराने तुटून पडते, त्याची ती खूण असते. डॉक्टरांना जरूर दाखवा, पण गोळ्या स्वतःहून थांबवू नका. इथेच बरेच रुग्ण घसरतात.

प्रश्न : वडिलांचा उजवा पाय वीस वर्षांपासून सुजलेला आहे. रात्री रक्त तपासले, जंतू निघाला नाही. तरी वर्षातून तीन-चार वेळा पाय लाल होऊन थंडीताप येतो. हत्तीपाय बरा होतो का? (एक वाचक, भंडारा)

रक्तात जंतू नसणे आणि पाय हत्तीसारखा असणे, यांत विरोध नाही. आपल्याकडे हत्तीरोग बहुतांशी वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीने होतो. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. नर-मादी लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षे जगतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्री अंगभरच्या रक्तात उतरतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच रक्ताचा नमुना रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घेतात. कृमी असतात तोवर वाहिन्या फुगतात, झडपा एकमेकींना टेकेनाशा होतात. कृमी मेले तरी मोडलेल्या झडपा दुरुस्त होत नाहीत. वडिलांच्या पायात आज बहुधा कृमी नाहीत, त्यांनी केलेली मोडतोड आहे.

मग दर काही महिन्यांनी ताप कशाचा? तो साध्या जिवाणूंचा. साचलेल्या, प्रथिनांनी भरलेल्या लसिकेत जिवाणू वाढायला वेळ लागत नाही, आणि ते शिरतात पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून. वडिलांच्या चौथ्या आणि पाचव्या बोटांमधली फट बोटांनी अलगद फाकवून बघा. तिथली कातडी पांढरी, भिजल्यासारखी, फाटलेली दिसेल आणि वास येईल. ती चिखली आहे, म्हणजे बुरशी. प्रत्येक तापागणिक पाय आणखी थोडा जाड आणि कडक होतो. पाय वाढवतात ते हे झटके, आणि झटके थांबवणे घरच्या घरी जमते.

रोज एकदा, झोपण्यापूर्वी, साध्या पाण्याने पाय ओला करा. गरम पाणी नको. साधा साबण हातावर फेसून गुडघ्यापासून खाली घड्यांच्या आत आणि प्रत्येक बेचकीत बोटाने फिरवा. ब्रश किंवा दगड घासू नका. पाणी निर्मळ निघेपर्यंत धुवा. मऊ सुती फडक्याने टिपून कोरडे करा, चोळायचे नाही. बेचकीत फडक्याचे टोक आरपार ओढून ओल राहिली नाही ना ते बघा, कारण सगळे बिघडते ते इथल्या ओलीमुळे. मग बेचक्यांत बुरशीचे मलम, फाटलेल्या जागी प्रतिजैविक मलम. रात्री पलंगाच्या पायथ्याशी विटा देऊन पाय उंच ठेवा. दिवसा बसल्या बसल्या टाचा उचलणे आणि घोटा गोल फिरवणे, पंधरा-वीस वेळा, दिवसातून तीन-चारदा. चप्पल रुंद, पुढून उघडी, न घासणारी. नखे सरळ कापा.

झटका आलाच तर व्यायाम बंद, पायाला पट्टी बांधत असाल तर तीही बंद, पाय उंच, गार पाण्याच्या घड्या, तापासाठी पॅरासिटामॉल आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्रतिजैविक. फोड आले तर फोडू नका. हे नेमाने केले तर झटके कमी होतात आणि सुरुवातीची मऊ सूज पुष्कळ उतरते. वीस वर्षांची कडक झालेली सूज पूर्ण जाणार नाही, पण वडील तापाविना शेतावर जाऊ शकतील. अंडवृद्धी असेल तर मात्र ती शस्त्रक्रियेने बरी होते. ती लाजून लपवू नका.

घरातल्या इतरांसाठी सामुदायिक गोळ्यांची मोहीम आली की गोळ्या कर्मचाऱ्यासमोर, काही खाल्ल्यावर घ्या. डीईसी हे हत्तीरोगाच्या कृमींवरचे औषध २ ते ५ वर्षांना १०० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांना २०० आणि पुढे ३०० मिलिग्रॅम, सोबत अल्बेंडाझोल. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही देतात, त्याची मात्रा उंचीवरून ठरते. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे यांना गोळ्या देत नाहीत. गोळीनंतर ताप, डोकेदुखी, अंगावर पित्त आले तर गोळी बाधली असे लोक म्हणतात. बहुतेक वेळा रक्तातली पिल्ले मरत असतात म्हणून ते होते, म्हणजे त्या माणसाला गोळीची गरज होतीच. हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो. संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधा.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी डाव्या काखेतल्या गाठी काढल्या. आता त्या हाताची बांगडी संध्याकाळी घट्ट होते. पाणी कमी पिऊ का? लघवीची गोळी चालेल का? (एक वाचक, सांगली)

पाणी कमी करू नका आणि लघवीची गोळी स्वतःहून घेऊ नका. काखेत वीस ते चाळीस गाठी असतात. त्या काढल्यावर हाताच्या लसिकेची वाट अरुंद होते. मागे राहतात ती प्रथिने. गोळीने पाणी निघून जाते, प्रथिने तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात.

बांगडी घट्ट होणे ही फार लवकरची आणि मोलाची खूण आहे. आजच मोजायला लागा. शिंप्याची टेप घ्या. मनगट, तिथून वर दर दहा सेंटिमीटरला पेनाने खूण, दोन्ही हातांचा घेर सकाळी त्याच वेळी, वहीत तारीख घालून. एकाच जागी दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर लसिकासूज समजून फिजिओथेरपिस्टकडे जा. ते हलक्या हाताने निचरा करतात, थरांची पट्टी बांधतात आणि मापाची दाबबाही देतात. बाही मापाचीच हवी. सैल बाहीचा उपयोग नाही आणि मनगटाशी रुतणारी बाही पंजा सुजवते.

हात वापरायचाच नाही, वजन उचलायचेच नाही, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम सुरक्षित असतो. भाजी चिरताना, भांडी घासताना, बागेत काम करताना जखम आणि भाजणे टाळा, त्वचेला रोज तेल किंवा मलम लावा, वजन आटोक्यात ठेवा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : ब्यूटी पार्लरमध्ये लसिका मोकळी करून अंगातले विष काढणारा मसाज मिळतो. घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

लसिकेत विष साचत नाही. नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. निरोगी माणसाची लसिका चालण्याने आणि खोल श्वासाने पुरेशी वाहते. लसिकासुजेसाठी केला जाणारा निचरा हा प्रशिक्षित उपचार आहे आणि त्यात दाब अगदी हलका, कातडी सरकेल एवढाच असतो. पोटरीत रक्ताची गुठळी, लाल-गरम सूज किंवा हृदय कमकुवत असेल तर असा मसाज अपायकारक ठरू शकतो.

प्रश्न : साप चावल्यावर वर आवळून बांधायचे नाही असे सांगतात. मग विष वर चढणार नाही का? (शेतकरी गट, सिंधुदुर्ग)

विषातले मोठे रेणू सहजी रक्तकेशिकांत शिरत नाहीत, ते लसिकेतून चढतात. आणि लसिका चढते ती स्नायू हलल्यामुळे. म्हणून चावल्यानंतर धावणे, दवाखान्यापर्यंत चालत जाणे म्हणजे विषाला स्वतःच्या हाताने वर ढकलणे. पाय हाड मोडल्यासारखा फळीला किंवा काठीला सैलसर बांधा, माणसाला झोपवून न्या, जोडवी, पैंजण, अंगठ्या काढा. घट्ट आवळले तर रक्त तुटते. घोणस आणि फुरसे यांचे विष एका जागी कोंडले की तिथले मांस सडते. ऑस्ट्रेलियात दाबपट्टी बांधतात, पण तिथले साप वेगळे आणि ती पट्टीही बांधायची रीत वेगळी आहे.

डॉक्टर जांघ किंवा काख चाचपतात तेही याचसाठी. तिथली गाठ दुखरी झाली असेल तर विष अंगात शिरल्याची ती लवकरची खूण असते.

प्रश्न : वडिलांना (वय ६२) डाव्या हासळीच्या वर, मानेच्या खळग्यात घट्ट गाठ आली आहे. मुळीच दुखत नाही. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी सांगितली. गाठ मानेत, तपासणी पोटाची का? (एक वाचक, नाशिक)

डॉक्टर अगदी योग्य जागी शोधत आहेत. वक्षनलिका रिकामी होते ती याच खळग्यात, आणि तिच्यात सगळ्या पोटाची लसिका येते. जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंड, वृषण यांतल्या कर्करोगाच्या पेशी तिच्यातून चढून इथे अडकू शकतात. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४८ मध्ये हे नोंदवले, आजही ही गाठ त्यांच्या नावाने ओळखतात. उजव्या खळग्यातली गाठ असेल तर छाती आधी बघतात. मोठ्या माणसाला हासळीवर आलेली गाठ कितीही लहान असली तरी तपासायचीच. दुखत नाही म्हणून थांबू नका. झपाट्याने सुजलेली गाठ दुखते, सावकाश वाढणारी बहुधा दुखत नाही.

पोटातला कर्करोगच असेल असे नाही. क्षय आणि लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचाच कर्करोग, हीही कारणे असतात. आधी सुईतपासणी होईल. लिम्फोमाची शंका आली तर गाठ अख्खी काढून तपासावी लागते, कारण सुईत सुट्या पेशी येतात आणि गाठीची आतली रचना कळत नाही. एक काळजी घ्या. तपासणी होईपर्यंत कोणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देऊ केले तर तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लिम्फोमाची गाठ त्याने काही दिवस बसते, घरचे निश्चिंत होतात, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात निदान होईलच याची खात्री राहत नाही.